दुसरं म्हणणारी एक्केचाळीस माणसं

गेली एकोणीस वर्षं मी माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवून एकच प्रश्न विचारत आलो आहे. पहिलं बरं दिसतं की दुसरं? एका माणसाला वीस-पंचवीस वेळा, दिवसाला दहा-बारा माणसांना. यात चूक-बरोबर काही नसतं, जे दिसतं ते सांगायचं, असं मी सुरुवातीलाच बजावतो. तरीही वकील असो की गवंडी, तिसऱ्या काचेला त्याचा आवाज बारीक होतो आणि तो विचारतो, "चुकलं का हो माझं?"

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. चष्म्याचा नंबर काढून देणारा माणूस आहे. दुकान माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. पुढे काचेच्या कपाटांमध्ये उभा राहून तो फ्रेमा विकतो. मागे पडद्याआड, भिंतीला आरसा लावून लांबी दुप्पट केलेल्या खोलीत मी बसतो. बाजारात सगळे मला 'आत बसणारा' म्हणून ओळखतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्याच डोक्यात आणखी कोणीतरी आत बसलेलं आहे, अशी शंका मला पंचेचाळिसाव्या वर्षी आली आणि तेव्हापासून माझं स्वास्थ्य गेलं.

झालं असं. चष्मेवाल्यांच्या संघटनेचं वार्षिक संमेलन होतं. जेवण झालं की सभासद पळून जातात, म्हणून कार्यकारिणीने यंदा जेवणाआधी एक मनकवडा ठेवला होता. तो मंचावर आला आणि म्हणाला, "दहा ते पन्नासमधली एक संख्या मनात धरा. दोन्ही आकडे विषम हवेत आणि वेगवेगळे हवेत. म्हणजे पंधरा चालेल, अकरा नाही चालणार. धरली? सदतीस."

अर्धं सभागृह ओरडलं. मी ओरडलो नाही, कारण माझ्याही मनात सदतीसच होते आणि ते मी आधी धरलेले नव्हते. आधी मी एकोणीस धरले होते. मग 'काहीतरी' वाटून ते सोडले आणि सदतीस घेतले. ते काहीतरी कोणाचं होतं? सगळे जेवायला धावले, मी ताट हातात घेऊन रांगेत उभा राहिलो, आणि वाढणाऱ्याने "हे की ते?" विचारलं तेव्हा मला घाम फुटला.

पुढच्या आठवड्यात मी मोबाइलवर एक शिकवणी लावली. नवशिक्यांसाठी 'सायकॉलॉजिकल फोर्स', बारा धडे. शिकवणारा काळा शर्ट घालायचा आणि पापण्या फार हलवायचा नाही. फोर्स म्हणजे काय, हे त्याने पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं: समोरच्याने निवडायचं, पण काय निवडायचं ते आपण आधीच ठरवलेलं असायचं, आणि निवड आपलीच होती या समजुतीत त्याने सुखाने घरी जायचं. साधनं तशी साधी होती. घाई करा, म्हणजे तो पहिलं सुचेल ते बोलेल. उदाहरण देऊन काही पर्याय हळूच उडवून टाका, जसे अकरा आणि पंधरा उडाले. हाताने हवेत आकार काढा. आणि फसलंच, तर हीच तर गंमत होती असा चेहरा करा.

हा शेवटचा चेहरा मला सर्वात आधी लागला.

"एक रंग आणि एक हत्यार सांग," मी बायकोला म्हणालो. "पटकन. विचार करू नकोस." काळ्या शर्टाच्या मते शंभरातली बहुतेक माणसं लाल आणि हातोडा म्हणतात.

"पाना," ती म्हणाली.

"आणि रंग?"

"रंगाचं तू बघ. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळतोय. पाना कुठे ठेवलायस?"

मुलगी कॉलेजात जाते. तिच्यासमोर मी घसा साफ केला, तर ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "सदतीस. बाबा, हे आमच्याकडे सगळ्यांना येतं. पुढचं विचारा."

"पुढचं अजून शिकवलेलं नाही."

दादाला दुकानात दोन फ्रेमा दाखवून बघितलं. त्याने माझ्याकडे, मग फ्रेमांकडे पाहिलं. "मला काय निवडायला लावतोस? मी पंचवीस वर्षं लोकांना न शोभणाऱ्या फ्रेमा निवडायला लावतोय. तेही आरशासमोर." दोन्ही फ्रेमा माझ्या हातातून काढून त्याने कपाटात ठेवल्या.

थोडक्यात, प्रगती शून्य होती, पण अस्वस्थता भरपूर होती. कामावर यायला मला दोन रस्ते आहेत. पूर्वी पाय न्यायचे तिकडे जायचो. आता कोपऱ्यावर थांबून विचार करायचो की डावीकडे जावंसं वाटतंय ते का वाटतंय, तिकडच्या भिंतीवर कोणी बाण तर काढलेला नाही ना. निळा शर्ट काढला की वाटायचं, हा मला निवडायला लावलाय. मग पांढरा घालायचा. मग वाटायचं, हे तर त्याला हवंच असणार. कोणाला, ते माहीत नाही. बायको म्हणाली, दोन्ही घाल आणि नीघ.

सहावा धडा दोनांपैकी एक निवडायला लावण्याचा होता आणि तो मला आवडला. यात शब्द लागत नाहीत. नको असलेला पर्याय सपाट आवाजात, वाटेत पडलाय म्हणून उचलल्यासारखा म्हणायचा. मग अर्धा श्वास थांबायचं. मग हवा असलेला पर्याय जरा खालच्या पट्टीत, हनुवटी दोऱ्याएवढी उतरवून, जणू आपण घरी पोहोचलो अशा सुरात. काळा शर्ट म्हणायचा, रोज शंभर वेळा करा, आवाजाला सवय लागेपर्यंत थांबू नका.

मला वेळ मिळायचा तो दुपारी, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये. पडदा ओढून मी रिकाम्या खुर्चीसमोर बसायचो आणि मोबाइलमध्ये स्वतःचा आवाज भरायचो. सरावाला शब्द कोणते घ्यावेत याचा मी फार विचार केला नाही. जे जिभेवर होते तेच घेतले. पहिलं. की... दुसरं? पहिलं. की... दुसरं?

शहाण्या माणसाला इथे काहीतरी खटकलं असतं. मी खुशीत होतो, कारण रेकॉर्डिंग ऐकताना पहिल्यांदाच मला स्वतःला दुसरं म्हणावंसं वाटलं होतं.

महिन्याभराने एक निवृत्त मुख्याध्यापिका नवा चष्मा हातात धरून दुकानात आल्या. डोळ्यांवर जुना होता.

"फरशी चढते," त्या म्हणाल्या.

"कुठली?" दादाने विचारलं.

"सगळीच. घरात एकही पायरी नाही आणि मी दिवसभर जिना चढतेय."

"नवीन नंबर आहे, बाई. आठ दिवस लावा, सवय होईल."

"आठ दिवस झाले. आता मला जिन्याची सवय झालीय. रस्त्यावर गेले की पाय आपटतो."

दोन दिवसांनी एक पोस्टमन आला. त्याला सगळ्या टपालपेट्या एका बाजूला कललेल्या दिसत होत्या आणि त्याने दोनदा लोकांना पेटी सरळ करून घ्यायला सांगितलं होतं. मग एक शिंपी आला. त्याने काही न बोलता स्वतः शिवलेला सदरा टेबलावर पसरला. बटणांची रांग खाली येताना डावीकडे गेली होती.

दादाने लेन्स घासून देणाऱ्या कारखान्याला फोन लावला आणि दहा मिनिटं आवाज चढवला. पलीकडचा माणूस शांत होता. "साहेब, कार्डावर जे लिहून येतं तेच आम्ही घासतो. कार्डं तुमच्याकडेच आहेत. आत बसणाऱ्यांना विचारा."

म्हणून मी कार्डांचा खोका काढला.

इथे थोडं माझ्या धंद्यातलं सांगावं लागेल. काही नंबरांना नुसता आकडा नसतो, दिशाही असते, घड्याळाच्या काट्यासारखी. दिशा दहा-पंधरा अंश चुकली की माणसाला वाचता येतं, पण जग कलतं. ही दिशा काढायला दांडीची एक छोटी काच असते. ती डोळ्यासमोर धरायची, पहिलं म्हणायचं, उलटवायची, दुसरं म्हणायचं. माणूस पहिलं म्हणाला तर नंबर एका बाजूला फिरवायचा, दुसरं म्हणाला तर दुसऱ्या, आणि सारखंच म्हणाला की थांबायचं. त्याआधी एक मशीन डोळा बघून अंदाजे दिशा सांगतं. मशीनचा आकडा आम्ही कार्डावर वर लिहितो, माणसाने स्वतः निवडलेला खाली. एरवी दोन्हींत थोडा फरक पडतो, कोणाचा इकडे, कोणाचा तिकडे.

गेल्या सहा आठवड्यांत अशा दिशेचा नंबर निघालेली एक्केचाळीस माणसं होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस एकाच बाजूला गेली होती. कोणी दहा अंश, कोणी पंधरा, एक बिचारी गायिका बावीस. माझ्या आवाजापेक्षा धूसरपणा जास्त होईपर्यंत ही माणसं दुसरं, दुसरं म्हणत राहिली होती.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला अभिमान वाटला. घरात एका माणसाला हातोडा म्हणायला लावू न शकलेल्या मी एक्केचाळीस लोकांना त्यांच्या डोळ्यांना दिसतंय त्याच्याविरुद्ध बोलायला लावलं होतं. काळ्या शर्टाला कळवावं, असंही मनात आलं. मग मी पुढची कार्डं उलटली आणि सव्विसावं कार्ड भाऊजींचं निघालं.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. वीस वर्षं ते बांधकामावर उंच क्रेन चालवतात. साठ-सत्तर मीटर वर एका डब्यात बसून, लोखंडाच्या गजांचे भारे माणसांच्या डोक्यांवरून नेऊन बोटभर जागेत उतरवतात. कंपनीला दरवर्षी नजरेचा दाखला लागतो. तपासणीचा कागद मी भरतो. यंदाचा चार आठवड्यांपूर्वी भरला होता, आणि दिशा अठरा अंशांनी चुकलेली होती. बाकीच्या गिऱ्हाइकांनी निदान तक्रार तरी केली. भाऊजींनी चकार शब्द काढला नव्हता.

मी ताईला फोन लावला. "भाऊजींचा चष्मा कसा आहे?"

"कसा म्हणजे? नाकावर आहे."

"काही म्हणतात का त्याबद्दल?"

"ते हल्ली कशाबद्दलच काही म्हणत नाहीत. तू काही बोललास का त्यांना?"

"मी काय बोलणार?"

"नाही, तुझ्याकडून तपासून आल्यापासून गप्प आहेत. जिना उतरताना कठडा धरतात. मी विचारलं तर म्हणे, मग कठडा कशाला बसवलाय. आणि ऐक, खाली काम मागतायत. गोदामात. अर्ज लिहून ठेवलाय, उद्या देणार आहेत. वीस वर्षं वर बसलेला माणूस आता पोती मोजणार आहे. का, तर म्हणे उंचीचा कंटाळा आला. कोणाला सांगतायत?"

मी दादाला "जरा जाऊन येतो" म्हणालो. "कुठे?" असं त्याने विचारलं, पण तेव्हा मी रस्त्यावर होतो आणि जिकडे पाय नेत होते तिकडे चाललो होतो.

बांधकामाच्या फाटकावर पहारेकऱ्याने मला पिवळं शिरस्त्राण घातलं. ते दोन मापं मोठं होतं आणि मान वर केली की मागे पडत होतं, आणि मला तर फक्त मान वरच करायची होती. क्रेनचा हात हळूहळू आकाशात फिरत होता. त्याला गजांचा भारा लटकत होता. तो खाली येत होता आणि त्याच्या खाली चार माणसं गप्पा मारत होती.

"यांना बाजूला व्हायला सांगा ना," मी शेजारच्या माणसाला म्हणालो. त्याच्या हातात वॉकीटॉकी होता. वर इशारे देणारा तोच.

"भरपूर वेळ आहे त्यांना," तो म्हणाला. "आता बघा."

भारा जमिनीपासून हातभर वर थांबला. अगदी सरळ, जिथे हवा तिथे. आणि थांबूनच राहिला.

"गेला महिनाभर हे असं," इशारेवाला म्हणाला. "पूर्वी अंडं ठेवल्यासारखा टेकवायचे, मला तोंड उघडायचीही गरज नव्हती. आता मी तीनदा सांगेपर्यंत टेकवत नाहीत." मग वॉकीटॉकीत म्हणाला, "बरोबर आहे, काका, टेकवा. बरोबर आहे. अहो, टेकवा!" भारा टेकला. "मुकादम पिसाळलाय. दिवसाच्या दहा फेऱ्या कमी होतात."

जेवणाच्या सुट्टीला भाऊजी शिडीने उतरले. शिडीवर असेपर्यंत पाय ठीक पडत होते. शेवटच्या पायरीवर त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवरचा खिशात टाकला, हातातला लावला, आणि मग मोकळ्या सपाट जमिनीवर पाय उचलून ठेवत, पाण्यात चालल्यासारखे माझ्याकडे आले.

"तू इकडे कुठे?" ते म्हणाले. "बस. डबा खातोस?"

आम्ही विटांच्या थप्पीवर बसलो. मी म्हणालो, "भाऊजी, तुमचा नंबर चुकलाय. माझी चूक आहे."

त्यांनी घास चावून पूर्ण गिळला. "तू असं म्हणणार, हे मला माहीत होतं."

"म्हणजे?"

"चांगला आहेस रे तू. तुझ्या ताईला सांगितलं नाहीस ना?"

"काय?"

"माझे डोळे गेलेत ते."

ते डब्याकडे बघत बोलत राहिले.

"मला त्याच दिवशी कळलं. तू काच धरलीस, मला पहिलं स्वच्छ दिसत होतं. अगदी लख्ख. पण तू पहिलं असं म्हणायचास, की म्हणायला हवं म्हणून म्हणतोयस. आणि दुसरं म्हणायच्या आधी थांबायचास. मान जरा खाली करायचास. मी म्हटलं, हा खुणावतोय आपल्याला. आपल्याला जे लख्ख दिसतंय तेच चुकीचं आहे, आणि दाखला जाऊ नये म्हणून मेहुणा बिचारा उत्तरं सुचवतोय. मग मी दुसरं, दुसरं म्हणत गेलो. तुझा चेहरा किती खुलायचा!"

"खुलायचा?"

"शिकवलेलं पोराला येतंय म्हटल्यावर मास्तरांचा खुलतो ना, तसा."

मी खाली बघितलं. त्यांच्या खिशातून जुन्या चष्म्याची दांडी बाहेर आली होती. "वर जुना लावता?"

"नव्याने वर काहीच धड दिसत नाही. नवा खाली लावतो. तू कुठे भेटलास तर तुला वाईट वाटायला नको."

"जुन्याने वर कसं दिसतं?"

"लख्ख," ते म्हणाले. "तीच तर भीती आहे. भारा बरोबर जागेवर आहे असं मला दिसतं. पण मला दिसतं तेच चुकीचं, हे तुझ्या खोलीत मला कळलेलं. मग खालचा सांगेपर्यंत टेकवायचा कसा? खाली माणसं असतात." त्यांनी डबा बंद केला. "म्हणून अर्ज देतोय. तू किती दिवस झाकणार?"

मी त्यांना खरं काय ते सांगायचं ठरवलं. खरं सांगायला तयारी लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते विटांवर बसून एकदा करून बघावं.

"भाऊजी, मी सध्या एक विद्या शिकतोय. माणसाला आपल्याला हवं ते निवडायला लावायची. मनकवडे करतात तशी. रोज सराव करत होतो. तो आवाजात उतरला आणि मी तुम्हाला नकळत दुसरं म्हणायला लावलं. तुम्हालाच नाही, एक्केचाळीस लोकांना."

भाऊजींनी डबा बाजूला ठेवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इतकं कशाला रचतोस माझ्यासाठी?" ते म्हणाले. "स्वतःला वेडा ठरवून घेशील."

अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावून मी त्यांना दुकानात आणलं. दादाला पडद्याआड नेऊन सगळं सांगितलं. त्याने कार्डांची चळत हातात घेतली, चाळली, खाली ठेवली.

"चाळीस गिऱ्हाइकं?" तो म्हणाला.

"भाऊजी धरून एक्केचाळीस."

"मी त्या कारखानावाल्याला काय काय बोललो, माहिताय तुला? त्याच्या वडिलांपर्यंत गेलो होतो." मग खुर्चीत बसला. "यांना सगळ्यांना परत बोलवायला लागेल. फोन मी करीन. तू केलास तर सगळे हो म्हणतील आणि कशाला हो म्हणाले ते एकालाही कळणार नाही."

भाऊजींना खुर्चीत बसवलं. मी काच धरली आणि ठरवून सपाट आवाजात म्हणालो, "पहिलं की दुसरं?" दुसरं खाली उतरलंच. महिनाभर शंभर-शंभर वेळा घोटलेलं होतं ते. मी क्रम उलटा केला. "दुसरं की पहिलं?" आता पहिलं उतरलं. भाऊजी तक्त्याकडे बघतच नव्हते. काचेच्या कडेने ते माझी हनुवटी बघत होते.

"कुठलं म्हणू?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. मी फक्त काच उलटवायची, प्रश्न दादाने विचारायचे. दादाला आतल्या खोलीची सवय नाही. तो विकायलाच उभा राहिला. "हे पहिलं. आणि हे बघा, हे दुसरं. दोन्ही छान आहेत. तुम्हाला पहिलं जास्त खुलतंय, पण दुसरंही वाईट नाही."

"दादा!"

"अरे, बोलायचं कसं मग?"

कसाबसा नंबर काढला. जुन्यापासून तीन अंश इकडे, थोडी पॉवर वाढली होती, वयाला साजेशी. मी तो चढवला आणि म्हणालो, "वाचा." भाऊजींनी सगळ्यात खालची ओळ खाड्‌खाड्‌ वाचली, जी कुणाला धड वाचता येत नाही ती.

"बघा!" मी म्हणालो. "डोळे उत्तम आहेत तुमचे."

"पाठ झालीय," भाऊजी म्हणाले.

मी तक्ता बदलला. त्यांनी तोही वाचला.

"हा सोपा लावलास."

"भाऊजी, सोपा तक्ता नसतो."

ते खुर्चीतून उठले आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "दोघं भाऊ मिळून किती सांभाळून घेताय मला," ते म्हणाले. "पण खाली माणसं असतात रे." आणि खिशातून गोदामाच्या अर्जाची घडी काढून, आत आहे ना एवढं बघून, परत ठेवली.

त्या क्षणी मला कळलं की मी काहीही म्हटलं तरी आता ते सुचवणंच ठरणार आहे. बरे आहेत म्हणालो तर दया, वाईट आहेत म्हणालो तर कबुली. वीस वर्षांची नजर मी एका तपासणीत काढून घेतली होती आणि ती परत द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

"समोर जाऊ या," मी म्हणालो.

दादाने मान वळवली. समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं दुसरं चष्म्याचं दुकान. त्याचं नाव आमच्या दुकानात घेत नाहीत. पाऊस पडतोय का हे बघायचं असलं तरी दादा बाजूच्या गल्लीत जाऊन बघतो.

"त्याच्याकडे?" दादा म्हणाला. "आपल्या घरचा माणूस? भर दुपारी? त्यापेक्षा मशीनचा आकडा दाखवू यांना."

"मशीन तुमचंच," भाऊजी म्हणाले.

"डॉक्टरांकडे नेऊ मग."

"कंपनीचा डॉक्टर तुझ्या कागदावर सही करतो, मेहुण्या," भाऊजी मला म्हणाले. "आणि मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळायला पंधरा दिवस लागतात. अर्ज उद्या द्यायचा आहे."

दादाने एक फ्रेम उचलली, पुसली, ठेवली, परत उचलली. बाहेर एक माणूस काचेला नाक लावून भाव वाचत होता, त्याच्याकडेही दादाचं लक्ष नव्हतं. "मागच्या दाराने जा," तो शेवटी म्हणाला. "आणि आमच्याकडून आलोय असं सांगू नका. ओळखीचे समजेल तो."

"म्हणून तर चाललोय," मी म्हणालो. "त्याने ओळखता कामा नये."

मी आत गेलो नाही. फुटपाथवर, त्या दुकानाच्या काचेबाहेर उभा राहिलो. त्यांच्याकडे वेगळी खोली नाही, कोपऱ्यातच खुर्ची आहे, अर्धा पडदा. मला भाऊजींचा चेहरा दिसत होता, आवाज काहीच येत नव्हता. तपासणारा माणूस माझ्याच वयाचा होता. त्याने काच धरली. ओठ हलले. काच उलटवली. ओठ हलले.

भाऊजींनी मान वळवून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काहीतरी शोधत होते. तो माणूस एका हाताने काच धरून दुसऱ्या हाताने मानेमागे खाजवत होता. भाऊजींनी पुन्हा पाहिलं. त्याने जांभई दिली, तोंडही झाकलं नाही. तेव्हा कुठे भाऊजींनी मान सरळ केली आणि समोरच्या तक्त्याकडे बघू लागले.

मी त्यांच्या ओठांवरून वाचायचा प्रयत्न करत होतो. पहिलं. पहिलं, असंच वाटलं. मग दुसरं. मग पहिलं. माझा हात काचेला टेकला होता आणि मी नकळत मान हलवत होतो, हो, नाही, हो. कळलं तसा मी पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. आमच्या दुकानाच्या काचेआड दादा उभा होता. तो इकडे बघत नव्हता, कपाट आवरत होता. तेच कपाट त्याने तीनदा आवरलं.

बराच वेळ लागला. माझी गिऱ्हाइकं तर याहून लवकर होतात.

भाऊजी बाहेर आले तेव्हा हातात चिठ्ठी होती. ती त्यांनी मला दाखवली नाही. घडी करून आतल्या खिशात घातली आणि मोबाइल काढून ताईला फोन लावला.

"ऐक," ते म्हणाले. "उद्या डबा क्रेनवर नेतो तोच दे, दोन पुडांचा. हो. नाही, अर्ज नाही देत. नाही, कोणाशी भांडण झालं नाही." थोडा वेळ ऐकलं. "देणारच नाही असं तुला वाटलंच होतं म्हणजे? तुला काय वाटायचं आहे त्यात? बरं. बरं. आलो की सांगतो."

फोन ठेवून त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मग अर्जाचा कागद काढला, चार तुकडे केले आणि टाकायला जागा नव्हती म्हणून माझ्या हातात दिले.

"चिठ्ठी दाखवा ना," मी म्हणालो.

"कशाला? तुझ्याशी जुळतंय का बघायला?"

"हो."

"जुळत असेल," ते म्हणाले. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, मागे वळून ते त्या दुकानाकडे बघत होते. "काय माणूस आहे रे! मी पहिलं म्हणालो काय आणि दुसरं म्हणालो काय, त्याला काडीचंही देणंघेणं नव्हतं. एकदा तर प्रश्न विचारून बाहेर कुत्रं बघत बसला."

"कंटाळला असेल."

"तेच म्हणतोय," भाऊजी म्हणाले. "किती छान तपासतो."

मी मान हलवली. काचेआड त्या माणसाने पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं होतं. त्याने काच उचलली, तोंड उघडलं, आणि विचारता विचारता माझ्याकडे नजर टाकली, जशी भिंतीकडे टाकावी तशी.